पाठीवरची फुली

अकोला
शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०१०

श्रावण,

आशीर्वाद वगैरे लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. सवाचार वर्षांत तुला एक ओळ खरडली नाही आणि आज पोस्ट उघडण्याआधी अर्धा तास दारात उभा होतो, लिफाफ्यासाठी. शिपायाला वाटलं, माझं कोणी गेलं.

काल तुझी सिरियल पाहिली. एरवी मी ती पाहत नाही. तुझी वहिनी दर गुरुवारी आठ वाजता पाहते आणि मी मुद्दाम बाहेर जाऊन बसतो. आपण दोघांनी बारा वर्षं गावोगाव फिरून घसा फोडला की भूत नाही, मूठ नाही, भानामती नाही. आणि तू मुंबईत जाऊन भूत पकडणाऱ्या दोन भावांचीच सिरियल लिहितोस, ज्यात हडळी खऱ्या आणि भाऊ लोखंडी सळया घेऊन त्यांच्या मागे! कॉलेजात पोरं मला विचारतात, "देवमनसर, तुमची सळई कुठाय?" मी म्हणतो, तुमच्या अपूर्ण जर्नलांच्या खाली दाबून ठेवली आहे. प्रयोगशाळेतल्या परिचराला सर म्हणतात, हे काय कमी आहे? तोवर सगळं चालून जात होतं.

काल मात्र ताट हातात घेऊन उभा होतो आणि उभाच राहिलो. पडद्यावर कापसाच्या जिनिंगमध्ये लपलेली ती हडळ पोरगी. कोणाचं काही बिघडवलेलं नाही. धाकटा म्हणतो, हिला सोडून देऊ. मोठा म्हणतो, सोडली, शब्द देतो. आणि मग मोठा एकटाच परत येतो. सगळं उरकून बाहेर पडताना दारातल्या म्हाताऱ्याला म्हणतो, "मी नाव घेतलं नाही."

मी टीव्ही बंद केला. वहिनी ओरडली. मला ऐकू आलं नाही.

ते वाक्य जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी, दुसरा पुंजाजी. तुला ते कसं माहीत?

तुला सगळं आठवत असणार, तरी मला एकदा ओळीनं लिहू दे, कारण काल रात्रीपासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. मार्च २००६. नांदगाव खंडेश्वरच्या पुढचं ते गाव. आपण उतरलो तेव्हा पारावरच्या लोकांनी विचारलं होतं, "तुमी कोन्त्या प्याकेजचे?" शेतकऱ्यांच्या सरकारी पॅकेजच्या त्या दिवसांत गावात जीप नाहीतर झोळीवाला माणूस आला की पाहणी पथकच समजायचे. पुंजाजीच्या घरात सहा माणसं. त्याची पोरगी स्वराली, अठरा पूर्ण, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. पुंजाजी मोझरीच्या भजनात खंजिरी वाजवायचा, म्हणून हे असलं सुरेल नाव. धामणगावचं स्थळ आलं होतं आणि होळीपासून पोरीच्या अंगावर काळ्या फुल्या उमटायला लागल्या होत्या. बस्त्याच्या साड्यांवरही. पाहुणे म्हणाले, भानामती थांबली तर अक्षय तृतीयेनंतर लग्न, नाहीतर रामराम.

आपण आपल्या रीतीनं गेलो. मी आत, तू बाहेर ओसरीवर घरच्यांवर नजर ठेवून. प्रत्येकाला बंद खोलीत एकट्याला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तिसऱ्यालाच कबुली मिळाली तरी उरलेल्यांनाही तेवढीच पंधरा मिनिटं, म्हणजे कोण सापडलं ते बाहेर कोणाला कळू नये. नाव कधी फुटू द्यायचं नाही. करणाऱ्यानं थांबायचं आणि आपण विसरायचं.

स्वराली पाचव्या मिनिटाला बोलली. बिब्ब्यात सुई खुपसून तेल काढायचं आणि कातडीवर फुली ओढायची. म्हणाली, "निकाल लागेपर्यंत थांबवाचं हाये मले. मार्क पाह्यले का बाबा डीएडले पाठवतीन." मी तिला पाठ दाखवायला सांगितलं. खांद्याच्या मागे, मधोमध, फुली होती. तिथं स्वतःचा हात पोचत नाही. मग पुढच्या पंधरा मिनिटांत केशरबाई समोर बसली, तिची आई, आणि मी काही विचारायच्या आत ढसाढसा रडली.

एसटी स्टँडवर तू माझा हात धरलास. "भाऊ, जूनपर्यंत सांगू का सापडलं नाई. तीन महिने फक्त." बेचाळीस घरं सोडवली होती आपण. त्रेचाळिसाव्याला मी खोटं बोलावं म्हणत होतास. मी हो म्हणालो. शब्द दिला.

नंतर जे झालं ते पोरीच्या हातासाठी झालं. दंडावरची फुली चिघळली होती, पू धरला होता. बिब्बा काय करतो हे मी प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. एखादीचा हात जाऊ द्यायचा का?

तुला कधी कळलं, एवढंच कळव.

देवमन


अकोला
सोमवार, १५ नोव्हेंबर

श्रावण,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, कळतं मला. पण काल दुपारी तो भाग पुन्हा लागला आणि या खेपेला मी शेवटपर्यंत बसलो. लोकांना बारा वर्षं सांगत फिरलो की अर्धवट पाहून बोलू नका, आणि स्वतः अर्ध्यातून टीव्ही बंद करून तुला पत्र टाकून आलो. हस बाबा.

मला वाटलं होतं शेवटी धाकटा मोठ्याला धरेल, दोन कानाखाली देईल. तसं काही झालंच नाही. धाकट्याला मोठ्याच्या बाहीवर काळा डाग दिसतो. त्याला कळतं. तो काही बोलत नाही. जेवायला बसतात आणि तो विचारतो, "काही सांगायचं होतं का?" मोठा म्हणतो, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग धाकटा आपली पिशवी उचलतो.

श्रावण, मला घाम फुटला. खरंच फुटला, वहिनीनं पंखा लावला.

तू मला विचारलं होतंस. तीनदा. एकदा मे महिन्यात आंब्याच्या रसाच्या वाटीवर, एकदा जूनमध्ये, आणि एकदा जाण्याच्या आदल्या दिवशी. "भाऊ, काही सांगाचं होतं का?" मी समजलो होतो, घराच्या वाटणीचं विचारतोयस. वहिनीलाही तसंच सांगितलं होतं की श्रावणला वाटणी हवी, म्हणून तोंड फिरवून गेला. चार वर्षं नातेवाइकांत तुझी हीच बदनामी झाली आणि मी ती होऊ दिली.

तू वाट पाहत होतास. तीन महिने माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतास आणि वाट पाहत होतास. तू चिडला असतास, माझी गचांडी धरली असतीस, तर मी भांडून मोकळा झालो असतो. हे असं गप्प बसून भरवसा ठेवणं मला अजून पेलत नाही.

शब्द दिल्यावर मी एकटाच पुन्हा गावात गेलो, हे खरं. पुंजाजी एकटा खंजिरीचं कातडं शेकत बसला होता. मी त्याला म्हणालो, "घरातला बिब्ब्याचा डबा फेकून दे, फुल्या थांबतील." एवढंच. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी उठताना म्हणालो, "मी नाव घेतलं नाही." नियम पाळला होता की नाही मी? चार वर्षं स्वतःला हेच सांगतोय.

अमरावतीच्या पेपरात आपल्यावर ती सहा ओळींची बातमी आली होती, "भूत पकडणाऱ्या भावांना भूत सापडेना", तिचा याच्याशी काही संबंध नाही. तुला उगाच तसं वाटू नये म्हणून लिहिलं. मी तर ती विसरलोही होतो.

पोरीचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं आणि पेन खाली ठेवावं लागलं. रविवारी जाऊन येतो.

देवमन


नांदगाव खंडेश्वर, एसटी स्टँड
रविवार, २१ नोव्हेंबर

श्रावण,

गाडीला तासभर आहे. मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

केशरबाई घरी होती. पुंजाजी मागच्या अंगणात होता, मला पाहून आत गेला नाही की बाहेर आला नाही. बाईनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलत होतो आणि ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "चार वर्सं झाले मास्तर, हा मानूस माह्याशी बोलला नाई. मी ताट वाढून देतो, तो जेवते, उठते. पोरीचं लगन लावलं, तवाई बोलला नाई."

मी म्हणालो, "मी नाव घेतलं नव्हतं, बाई."

ती वळली. "गावातल्या बायाइच्या फुटल्या टाचा मी भरून देतो. बिब्ब्याचा डबा आख्ख्या घरात माह्याच हाती असते. तुमी डब्याचं नाव घेतलं. मंग माहं राह्यलं काय?"

मी तिला पोरीच्या हाताचं सांगितलं. पू झाला होता, मला भीती वाटली. तिनं चहा गाळता गाळता हात थांबवला. "हात? तुमी दुसऱ्या खेपीले आले तवा हात वाळला होता. म्याच तिळाचं तेल लावत होती. तुमाले दाखोला बी होता पोरीनं, दारात." मग माझ्याकडे पाहिलं. "मंग काहून आले होते?"

चहा गरम होता, तो प्यायलो.

मी गेलो त्या दिवशी पुंजाजीनं माझं बोलणं शब्दशः तिला ऐकवलं, ते त्याचं शेवटचं, आणि तुला ते तिनंच सांगितलं होतं, हेही कळलं. लग्नाची पत्रिका द्यायला अकोल्याला तुझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात आली होती. तू ब्रश धुतलास, दुकान बंद केलंस आणि तिला बसपर्यंत सोडायला आलास, म्हणाली.

निकाल लग्नानंतर चोवीस दिवसांनी लागला. शेकडा चौऱ्याऐंशी. गुणपत्रिका देवाच्या कोनाड्यात ठेवली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. मला काढून दाखवली. पुंजाजी तेवढ्यासाठी दारात आला, पाहिलं आणि परत गेला.

पोरगी धामणगावला आहे. चार वर्षांत मूल नाही. पहिल्या महिन्यातच सासरच्यांनी फुल्यांची गोष्ट पुन्हा उकरून काढली. तेव्हापासून तिला तिथं नावानं हाक मारत नाहीत. म्हैस आटली तरी ती, दुकानात गिऱ्हाईक आलं नाही तरी ती. "भानामती म्हनतात तिले," केशरबाई म्हणाली, "माह्या स्वरालीले."

बारा वर्षं आपण भुतं मारत फिरलो, श्रावण, आणि एक मी स्वतःच्या हातानं तयार करून सासरी पाठवलं. मला इथं बाकावर बसवत नाही.

देवमन


धामणगाव रेल्वे, स्टेशन
रविवार, २८ नोव्हेंबर

श्रावण,

आज जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. जसं घडलं तसं लिहितो.

मी ठरवून गेलो होतो की तिच्या सासऱ्याचे पाय धरायचे आणि सांगायचं, पोरीत काही नाही, आईनं आणि तिनं मिळून केलं होतं, आता विसरा. सासरा ओमप्रकाश, धान्याची अडत आहे. दारातच त्यानं मला ओळखलं. "तुमीच ना ते भूतवाले मास्तर? या या! तुमालेच बोलावणार होतो." सासू पाणी घेऊन धावत आली. "बरं झालं आले. इच्यातली काढून द्या एकदाची, नाईतर इले तरी काढतो." नवरा, उद्धव त्याचं नाव, वाईट नाही दिसला, पण जमिनीकडे पाहत उभा होता.

मी सगळं सांगायला तोंड उघडलं आणि दाराआड स्वराली दिसली. तिनं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

मग मी म्हणालो, आमची एक रीत आहे. प्रत्येकाशी पंधरा मिनिटं. बाहेर बसायला या खेपेला कोणी नव्हतं, तुझी जागा रिकामी होती. सासरा झाला, सासू झाली, उद्धव झाला. मग ती आली. बावीस वर्षांची पोर, चाळिशीची दिसते. दंडावरची फुली पांढरी पडली आहे.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं राहू द्या, मिनिटं चालले." मग एकदम व्यवहाराचं बोलली. "आईनं केलं होतं असं सांगसान तर मले हाकलतीनच, अन् आईले गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाई. नव्हतीच काही म्हनसान तर हे लोक मानत नाईत, आजवर कोनाचं मानलं नाई. तुमी सांगा, हाये म्हनून."

"काय?"

"भानामती हाये. खरी हाये. तुमच्याच्यानं निघत नाई. सासरी राह्यली तर घरावर येते. तुमचं नाव मोठं हाये मास्तर, तुमी आजपर्यंत एकाबी घरात हाये म्हनलं नाई. म्हनूनच तुमचं मानतीन."

मी म्हणालो, मी असं बोलू शकत नाही. बारा वर्षांची माझी सगळी मेहनत, आपलं अंधश्रद्धा निर्मूलनाचं मंडळ, माझं नाव. तिनं ऐकून घेतलं. मग फार शांतपणे म्हणाली, "तवा मी तीन महिने मांगले होते. आता किती मांगू?"

घड्याळात चार मिनिटं उरली होती. ती चारही मिनिटं आम्ही दोघं गप्प बसलो. नियमाप्रमाणे.

बाहेर आलो. शेजारपाजार गोळा झाला होता. ओमप्रकाशनं विचारलं, "मंग, मास्तर?"

मी म्हणालो, "आहे."

लोकांत कुजबुज झाली. मी पुन्हा म्हणालो, "खरी आहे. त्रेचाळीस घरं पाहिली, अशी पाहिली नाही. माझ्याच्यानं निघत नाही." सासूनं तोंडाला पदर लावला. उपाय काय, विचारलं. आणि श्रावण, तू असतास तर मला चिमटा काढला असतास, कारण मी उपाय सांगितला. म्हणालो, "अमरावतीला खोली घेऊन आईसोबत ठेवा, निदान दोन वर्षं. इकडच्या कोणी मागं जायचं नाही. आणि तिनं रोज सकाळी अकराच्या आत एका जागी जाऊन संध्याकाळपर्यंत पांढऱ्यावर काळं करत बसायचं. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून." ओमप्रकाशनं मान डोलावली. उद्धवनं पहिल्यांदा वर पाहिलं. मला वाटतं, त्याला कळलं. तो तिची पेटी काढायला आत गेला.

तिला मी गाडीत बसवून दिलं. निघताना तिनं नमस्कार वगैरे केला नाही. बरंच झालं. नंतरची गाडी उशिरा आहे.

देवमन


अकोला
शुक्रवार, १७ डिसेंबर

श्रावण,

स्वराली आणि केशरबाईनं अमरावतीत खोली घेतली. सध्या टायपिंगचा क्लास, जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म. पुंजाजी पोतंभर ज्वारी घेऊन आला होता. दारात ठेवली आणि बायकोला म्हणाला, "निवडून घे, खडे हायेत." चार वर्षांतलं पहिलं वाक्य. केशरबाईनं हे सांगायला मला फोन केला आणि फोनवर रडत बसली.

आता माझं ऐक. पेपरात यायचं ते आलं, या खेपेला सहा ओळी नाहीत, फोटोसकट. मंडळानं माझं नाव कमी केलं. त्यांचं काही चुकलं नाही. कॉलेजातल्या पोरांनी माझ्या टेबलावर लिंबू-मिरची बांधली. तेही चालेल. पण परवा दर्यापूरकडचा एक माणूस आला. त्याच्या वहिनीच्या अंगात आहे म्हणाला, तिला खोलीत कोंडलं आहे. मी म्हणालो, असं काही नसतं. तर तो म्हणतो, "तुमीच म्हनले ना पेपरात, खरी असते म्हनून?" मी हबकलो. तसाच त्याच्यासोबत गेलो, बाईला बाहेर काढलं, सगळ्यांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली. दिवस गेला. मी एका पोरीला सोडवायला जे बोललो त्यानं अशा किती खोल्यांना कड्या लागणार आहेत, मला माहीत नाही. बरोबर केलं की चूक, ते मला सांगता येत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, एवढं मात्र माहीत आहे.

काल गुरुवार. आठ वाजता मी घरातच बसलो. धाकटा भाऊ एकटा राहतो त्या खोलीत त्यानं दोन ताटं घेतली. एकात वाढलं, दुसऱ्यातही वाढलं आणि झाकून ठेवलं. मला वाटलं, माझी पत्रं मिळाली, हे उत्तर आलं. वहिनी म्हणाली, हे भाग दीड-दोन महिने आधी करून ठेवतात. मी बोटांवर मोजलं. म्हणजे माझं पहिलं पत्र यायच्या आधीच तू ते ताट वाढून झाकून ठेवलं होतंस. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

तू तीनदा विचारलंस, मी तीनदा नाही म्हणालो. आता तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. नांदगावच्या स्टँडवर मी तुला शब्द दिला होता. नवव्या दिवशी तो मोडून मी पुंजाजीकडे गेलो. पोरीच्या हातासाठी नाही, तो वाळला होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. पेपरातल्या त्या सहा ओळींसाठी गेलो. बेचाळिसाचे त्रेचाळीस करायला गेलो.

आणि डबा म्हणालो तेव्हाच नाव मी घेतलं होतं.

तुझा भाऊ,
देवमन